सरकारात नसलेला महिना

गोदाक्काच्या घरात खोटं बोललेलं चालत असे, खोटं लिहिलेलं चालत नसे.

बोलण्यातलं खोटं तिच्या अगदी अंगवळणी पडलेलं होतं. दारात कुणी आलं आणि भुजंगरावांची, म्हणजे तिच्या यजमानांची चौकशी केली, की भाकरी थापणारा हात न थांबवता ती आतूनच ओरडायची, "घरी न्हाईत, जिंतूरला गेलेत." जिंतूरला तिची लेक दिलेली होती, म्हणून ते नाव तोंडाला सोपं पडायचं. भुजंगराव त्या वेळी माळ्यावर ढाराढूर झोपलेले असायचे आणि त्यांचं घोरणं दारातल्या माणसाला स्वच्छ ऐकू यायचं. पण गोदाक्काच्या आवाजात असा काही ठामपणा होता, की माणूस स्वतःच्या कानांवर संशय घेत परत जायचा. आमच्या पिंगळीच्या हिशेबानं भुजंगराव जितक्या वेळा जिंतूरला गेले, तितक्या वेळा ते खरंच गेले असते तर गाडीचे बैल केव्हाच मेले असते.

कागदाचं मात्र निराळं. कागदावर, पाटीवर, भिंतीवर कोळशानं का होईना, एकदा लिहिलं की ते खरं असलंच पाहिजे. लिहिलेलं आणि असलेलं यांत फरक पडलाच तर ती कागद दुरुस्त करत नसे, जग दुरुस्त करायला घेत असे. "लिवलं ना? मग झालंच पायजे," हे तिचं पालुपद. तिच्या लग्नाच्या पत्रिकेत कुणीतरी हौसेनं 'नवरदेव घोड्यावरून येतील' असं लिहिलं होतं. नवरदेव आले बैलगाडीतून. नवरी तेव्हा जेमतेम चौदा वर्षांची, पण तिला वाचता येत होतं आणि तोच घोळ झाला. घोडा आल्याशिवाय बोहल्यावर चढत नाही म्हणून ती अडून बसली. शेवटी स्टेशनवरच्या टांग्याचा घोडा सोडून आणला, भुजंगरावांना त्यावर बसवलं, त्या घोड्यानं मांडवाचं एक तोरण खाल्लं आणि मग अक्षता पडल्या. त्यानंतर भुजंगरावांनी घरात कधीही काहीही लिहिलं नाही. नाव घालायची वेळ आली तरी ते अंगठा पुढे करत.

आक्का उंच, हाडापेरानं मजबूत. कपाळावर ठसठशीत कुंकू, दातांना मिश्री आणि अंबाड्यात फुलाच्या जागी पाटीवरची पेन्सिल खोचलेली. तिचे वडील पेडगावकडचे पाटील. न वाचता कागदावर अंगठा देऊन ते एकदा चांगलेच तोंडघशी पडले होते. तेव्हा आपलं जे व्हायचं ते झालं, पण पोरीला कुणी फसवू नये म्हणून त्यांनी तिला अक्षरं शिकवली. त्या काळात आमच्याकडे हे म्हणजे म्हशीला चष्मा लावण्यासारखं होतं.

ही अक्षरं तिला पचेनात, म्हणून तिनं ती आम्हा पोरींना वाटायला घेतली. मुलांना परभणीत निजाम सरकारची शाळा होती, तीही उर्दूतली. मुलींना कुठेच काही नव्हतं. गोदाक्काच्या ओसरीवर मी, माझी चुलत बहीण रुक्मिण, धनगराची बिजा आणि शेजारपाजारच्या आणखी काहीजणी बसायला लागलो. महिनाभर बरं चाललं. मग पोलीसपाटलानं माझ्या वडिलांना गाठून कानात सांगितलं, की घरात पोरं जमवून शिकवायला सरकारची इजाजत लागते. कोण शिकवणार, कुणाला शिकवणार, काय शिकवणार आणि कोणत्या महिन्यात काय शिकवणार, हे सगळं आधी लिहून द्यावं लागतं. नाहीतर सरकार त्याला शाळा न म्हणता कट म्हणतं.

माझे वडील घाबरट नव्हते, फक्त त्यांना सरकारची भीती वाटायची. त्यांनी मला एका वाक्यात निकाल दिला, "सरकारी कागद असंल तर शीक, नसंल तर खुरपं घे अन् वावरात चल." बाकीच्या पोरींच्या घरीही तेच. म्हणजे कागद आला तर पाटी, नाही आला तर खुरपं. मला खुरपणीचा मनस्वी कंटाळा होता आणि वाचायची चटक लागलेली होती. तो कागद आला नसता तर मी आज काय असते, याचा विचार मी आजही करत नाही.

गोदाक्का परभणीला कचेरीत गेली. कचेरीबाहेर लिंबाखाली उर्दूत अर्ज लिहून देणारे एक मुनशीजी बसत. शाळेचा निसाब, म्हणजे वर्षाचा नेमलेला अभ्यास, त्यांनी आयुष्यात एकदाच लिहिला होता, तोही मुलांच्या मोठ्या शाळेचा. त्यांनी तोच समोर ठेवून झरझर उतरवून काढला. आक्काला उर्दू बोललेलं कळायचं, वाचता यायचं नाही. मुनशीजी वाचत गेले आणि ती मान डोलवत गेली. वाचन, लेखन, हिशेब इथवर ठीक होतं. पुढे आला जुगराफिया, म्हणजे भूगोल, नकाशासहित. मग आली कवायत. मग आला अमल्याचा, म्हणजे शाळेतल्या नोकरमाणसांचा रकाना.

"चपरासी कौन?" मुनशीजींनी विचारलं.

"चपरासी कशाला पायजे?"

"खाना खाली छोडे तो अर्ज वापस आता, बाई."

आक्कानं क्षणभर विचार केला. "ल्ह्या, भुजंगराव."

मग मुलींची नावं आली. सरकारला जितक्या लागत, त्यांत एक कमी पडत होती. आक्कानं जिजीचं नाव सांगितलं. जिजी म्हणजे तिची सासू. तोंडात दात नव्हते, पण बोलण्याला धार होती. मुनशीजींनी वय विचारलं नाही आणि आक्कानं सांगितलं नाही.

अर्ज देऊन आणि तपासणी होईपर्यंत शाळा चालवायची तोंडी मुभा घेऊन संध्याकाळच्या गाडीनं ती परत आली आणि ओसरीवर उभी राहून तिनं सगळं घरादाराला तोंडपाठ म्हणून दाखवलं. भुजंगरावांना आधी हसू आलं. त्यांचं शेत गावात नावाजलेलं, चार माणसं त्यांना रामराम घालायची.

"म्या चपरासी? तुज्या शाळंत?"

"लिवलं ना?" आक्का म्हणाली.

भुजंगरावांना टांग्याचा घोडा आठवला असावा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बैलाच्या गळ्यातली घंटा सोडली आणि ओसरीच्या खांबाशी उभं राहून वाजवली. शाळा भरताना एकदा आणि सुटताना एकदा. घंटेचा आवाज ओळखीचा असल्यामुळे गोठ्यातले बैलही उठून उभे राहायचे आणि कुणी जुंपायला येत नाही म्हणून चमकून पाहायचे.

जिजीचं प्रकरण अवघड होतं. सून मास्तरीण आणि सासू विद्यार्थिनी, असं पिंगळीत आधी कुणी पाहिलेलं नव्हतं. जिजी ओसरीवर यायची, कारण नाही आली तर शाळा बुडेल आणि पोरींचा गलबला बंद होईल, हे तिला मानवणारं नव्हतं. पण यायची ती आमच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसायची आणि सुपातली ज्वारी निवडायची. हजेरीला ती 'हाजिर' म्हणत नसे. "सुनंपुढं हाजिर म्हनायला म्या काय चोरी केली?" असं म्हणून ती फक्त खोकायची. आक्का तो खोकला धरायची. पाटी पुढे केली की जिजी म्हणायची, "डोळे गेले माझे." वेशीतून येणाऱ्या बाईच्या डोक्यावरची घागर भरलेली आहे की रिकामी, हे मात्र तिला ओसरीवरून दिसायचं.

आणि सकाळी आडावर पाणी भरायला आलेल्या बायकांना ती नेमानं सांगायची, "माझी सून म्हंजी उलट्या काळजाची. मला शाळंत बसवलं बगा." आक्का शेजारीच घागर ओढत असायची. ती घागर भरून चालू लागायची.

भूगोलाला नकाशा हवा, असं कागदावर होतं. आक्काजवळ नकाशा नव्हता. तिनं ओसरीच्या एका कोपऱ्यात शेणानं सारवलेल्या जमिनीवर जिल्हा मांडला. चुलीतल्या राखेची गोदावरी केली. पेडगावला एक खडा ठेवला, पिंगळीला रेल्वे म्हणून दोन काड्या ठेवल्या. जिंतूर मात्र ज्वारीच्या ओंजळभर दाण्यांचं केलं, चांगलं परभणीपेक्षा मोठं, कारण तिथे लेक होती. दुसऱ्या दिवशी सकाळी जिंतूर गायब. कोंबड्यांनी खाल्लं होतं. आक्कानं पुन्हा केलं, कोंबड्यांनी पुन्हा खाल्लं. वर गोदावरीच्या राखेत रोज कसल्यातरी रेघोट्या ओढलेल्या दिसायच्या. "मेल्या नदीत पाय घालून नाचायल्यात," म्हणून आक्का कोंबड्यांच्या नावानं खडे फोडायची आणि राख नव्यानं पसरायची. त्यामुळे आमची गोदावरी रोज थोडी जागा बदलायची.

कवायत कुणालाच येत नव्हती. आक्कानं डोकं लढवून स्टेशनवरच्या झेंडी दाखवणाऱ्या सटवाजीला धरलं. दोन गाड्यांच्या मध्ये त्याला काम नसायचं. त्यानं आम्हाला त्याला येणारी एकमेव कवायत शिकवली. हिरवी झेंडी दिसली की डावा पाय उचलून चालायचं, लाल दिसली की जिथल्या तिथे थांबायचं. आम्ही फलाटाच्या कडेला सराव करायचो. एकदा मालगाडी आली, सटवाजीनं तिला हिरवी झेंडी दाखवली आणि आम्ही सगळ्या गाडीच्या बरोबरीनं चालायला लागलो. गाडी गेली तरी थांबलो नाही, कारण लाल दाखवायची तो विसरला. शेवटी रुक्मिण बाभळीच्या काट्यांत शिरली तेव्हा कवायत संपली. आजही कुणी हिरवं फडकं हलवलं की माझा डावा पाय आपोआप उचलला जातो.

असं सगळं कागदाबरहुकूम चाललेलं असताना श्रावण अधिक आला.

आमचे महिने चंद्राचे, त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी आम्हाला एक महिना जास्तीचा मिळतो. सरकारचं फसली साल सूर्याचं, त्याला असा महिना माहीतच नव्हता. आक्कानं वर्षाचा अभ्यास पंचांगाप्रमाणे सांगितला होता आणि मुनशीजींनी तिच्या एकेका महिन्यापुढे सरकारी महिना लिहिला होता. आषाढ म्हणजे अमरदाद, श्रावण म्हणजे शहरेवर, भाद्रपद म्हणजे मेहर. ती अधिक श्रावणाशी आली तेव्हा मुनशीजींनी कलम खाली ठेवलं होतं. "सरकारमें ये महीना हैच नहीं, बाई. बारा खाने हैं, तेरवा कां से लाऊं?"

घरी आल्यावर आक्का पुष्कळ दिवस अस्वस्थ होती. महिना तर येणार, पंचांगात छापलेला होता. पण सरकारी कागदात नव्हता. दोन्ही कागदच, दोन्ही खरे. शेवटी तिचा चेहरा एकदम खुलला. अधिक लागला त्या सकाळी भुजंगराव घंटा घेऊन खांबाशी उभे राहिले, तर तिनं त्यांच्या हातातून घंटा काढून घेतली.

"ठिवा. ह्या महिन्यात तुमी चपरासी न्हाई. हा महिना सरकारात न्हाई."

भुजंगरावांना इतका आनंद झाला, की धोंड्याच्या वाणासाठी जावयाला आणायचं निमित्त करून ते गाडी जुंपून खरोखरच जिंतूरला निघून गेले.

मग आक्का आमच्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत मी कधी न पाहिलेली खोडी होती. "पोरीओ, ह्या महिन्यात कागद न्हाई. तवा ह्या महिन्यात खोटं लिवायचं. पोटभर लिवा. पुन्ना कवा मिळंल काय की."

आमचा आधी विश्वासच बसला नाही. मग जी पर्वणी सुरू झाली! मी लिहिलं, आमच्या गाईनं अंडं घातलं. रुक्मिणीनं लिहिलं, माझं लग्न ढगावर झालं. बिजानं लिहिलं, आमचं एक मेंढरू सुभेदार आहे. आक्का एकेक पाटी वाचायची आणि पदर तोंडाला लावून हसायची. चुकलेलं अक्षर मात्र सोडायची नाही. खोटं लिहायचं तर शुद्ध लिहा, असा नियम होता. मला आज वाटतं, आम्हाला सत्य लिहायला शिकवण्यासाठी तिनं बारा महिने घेतले आणि लिहायची गोडी मात्र त्या तेराव्यात लावली.

जिजी पाठ करून ज्वारी निवडत होती. "आता सूनबाई खोटं बी शिकवायलीय," ती भिंतीला म्हणाली.

आणि त्याच महिन्यात, भर दुपारी, छत्री घेतलेले एक किडकिडीत साहेब चिखल तुडवत ओसरीच्या पायरीशी आले. अंगात शेरवानी, डोक्यावर लाल तुर्की टोपी, काखेत कागदांचं बाड. तालीमात खात्याचे मोहतमीम, म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी. मराठवाड्यात इतकी वर्षं काढलेली, की मराठी कळायचं आणि बालबोध अक्षर अडखळत वाचता यायचं. आमच्या घरच्या शाळेला इजाजत द्यायची की नाही, हे त्यांच्या हातात होतं.

साहेबांनी छत्री मिटली, बाड उघडलं आणि बोट ठेवलं. "चपरासी भुजंगराव?"

"जिंतूरला गेलेत," आक्का म्हणाली.

उभ्या जन्मात पहिल्यांदा ती हे वाक्य खरं बोलत होती आणि साहेबांनी माळ्याकडे संशयानं पाहिलं. त्यांचं बोट पुढे सरकलं. "शहरेवर का महीना. जुगराफिया. नक्शा." ते कोपऱ्याकडे वळले. "ये गोदावरी. ये पेडगाव. जिंतूर कां है?"

बिजा म्हणाली, "कोंबड्यांनी खाल्लं."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग बिजाचीच पाटी उचलली आणि एकेक अक्षर लावत वाचली. "आमचं एक मेंढरू सुभेदार आहे." "कौनसे सूबे का?"

आक्का पुढे झाली. "साहेब, रागावू नका. तुमी ज्या महिन्यात आलाव तो महिना कागदात न्हाई."

"कैसा नहीं? शहरेवर है."

"शहरेवर म्हंजी श्रावण. श्रावण अजून लागला न्हाई. अमरदाद म्हंजी आषाढ. तो सरला. मदी अधिक हाय."

साहेबांनी बोटांवर मोजलं. मग पंचांग मागून घेतलं, ते पाहिलं, आपला कागद पाहिला, पुन्हा बोटं मोजली. बिचारे मनापासून हादरले. "अमरदाद हो गया, शहरेवर लगा नहीं," ते पुटपुटले. "फिर हम हैं कां?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हा माणूस आक्काच्याच जातकुळीचा आहे. दुसऱ्या कुणी अधिकाऱ्यानं आरडाओरडा केला असता किंवा हसून शेरा मारला असता. हे तसेच बसून राहिले, घाम पुसत. लिहिलेलं आणि असलेलं जुळत नाही, याचा त्यांना शारीरिक त्रास होत होता.

तेवढ्यात आतून जिजी ताट घेऊन आली. जावयासाठी रोज तळून ठेवायचे आणि जावई येईना, म्हणून पुरणाचे धोंडे पडून होते. जेवायच्या वेळी पुरुषमाणूस ओसरीवर आलाय एवढंच तिनं पाहिलं. तिनं पत्रावळ मांडली, त्यावर धोंडे ठेवले, वर तुपाची धार सोडली.

"ये क्या है?"

"धोंडे. जावयाला देत्यात."

"हमारी बीवी तो हैदराबाद की है, अम्मा."

"असंना का. खावा."

साहेबांनी एक खाल्ला, दुसरा खाल्ला. तिसऱ्याला त्यांचा चेहरा शांत झाला. हात धुऊन त्यांनी बाड बांधलं. "जो महीना हैच नहीं, उसमें तपासणी कैसी? हम आये नहीं." ते उठले. "तुमारा अधिक खतम हुआ के आता हूं. शहरेवर का काम मेहर में देख लूंगा. सरकार में काम एक महीना पीछेच चलता."

आमचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच ते पायरीवर थांबले आणि त्यांनी पाठमोऱ्या जिजीकडे पाहिलं. हजेरीतलं शेवटचं नाव कुणाचं, हे त्यांना धोंडे खाताना 'जिजी' ही हाक ऐकून कळलं होतं. "कागद पर जित्ते नाम हैं, सब के हात से एक एक लकीर लिखा के लूंगा. एक बी नाम झूटा निकला, तो इजाजत नक्को."

ते गेले आणि ओसरीवर सुतक पसरलं. आता सगळ्यांची शाळा जिजीच्या एका ओळीवर आली होती, आणि जिजीनं आजवर पेन्सिलही धरलेली नव्हती. आक्कानं हात जोडले, अनारशांची लालूच दाखवली. आम्ही पोरी जिजीचे पाय चेपायला लागलो. मी तर रडलेसुद्धा. जिजीचं एकच, "डोळे गेले माझे." माझ्या वडिलांनी एक नवं खुरपं करून आणलं आणि दाराशी ठेवलं.

अधिक संपला, निज श्रावण लागला आणि दोन-चार दिवसांत साहेब आले. या वेळी सगळं कागदाप्रमाणे होतं. घंटा वाजली, बैल उभे राहिले. जिंतूर चिंचोक्यांचं होतं, कोंबड्या हताश होऊन बघत होत्या. सटवाजीनं हिरवी झेंडी दाखवली, आम्ही चाललो. लाल दाखवली, थांबलो. मग एकेकीनं ओळ लिहिली. मी लिहिलं, पिंगळीस रेल्वे स्टेशन आहे. बिजानं लिहिलं, मेंढी हा गरीब प्राणी आहे. आक्का एकाही पाटीकडे पाहत नव्हती. तिचं लक्ष जमिनीकडे होतं.

"अम्मा?" साहेब म्हणाले.

जिजी खोकली. मग तिनं मागे न वळता हात मागे केला. त्या हातात काय द्यायचं हे आम्हाला कळायलाच वेळ लागला. आक्कानं अंबाड्यातली पेन्सिल काढून दिली, मी माझी पाटी पुसून दिली. जिजी भिंतीकडे तोंड करून लिहायला लागली. एक आख्खी गाडी स्टेशनात येऊन सुटली, तरी ती लिहीतच होती. पेन्सिल करकरत होती. मग पाटी मागे आली.

पहिली अक्षरं वांग्याएवढी होती आणि जागा संपत आल्यामुळे शेवटची मोहरीएवढी. साहेबांनी लावून लावून वाचलं. "माझी सून गुणाची हाय."

भुजंगरावांच्या हातून घंटा सांगण्याआधीच वाजली.

"ये सच है, अम्मा?" साहेबांनी हसत विचारलं.

"तुमी ल्ह्या म्हनलाव, म्या लिवलं. इचारायचं कागदात न्हाई."

आक्का खाली बसली होती. तिचा तो ठाम आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "जिजी," ती हळूच म्हणाली, "अधिक सरला. निज लागलाय. आता खोटं लिवून चालत न्हाई."

"ठावं हाय मला," जिजी भिंतीला म्हणाली. "पंचांग मला बी कळतंय."

"कवा शिकलाव?"

जिजीनं पायाच्या अंगठ्यानं कोपऱ्यातली गोदावरी दाखवली. "तू पहाटं गोठ्यात गेली की राखंत. कोंबड्यांचं उगं नाव झालं."

इजाजत मिळाली. ते नवं खुरपं माझ्या आईनं वापरलं. मी शिकले, पुढे आयुष्यभर पोरींना शिकवलं आणि निवृत्त झाले, एवढंच माझ्याबद्दल. दुसऱ्या दिवशी सकाळी जिजी आडावर बायकांना सांगत होती, "माझी सून म्हंजी उलट्या काळजाची. साहेबापुढं मला लिवायला लावलं बगा." मला फार राग आला. मी आक्काकडे पाहिलं. तिनं घागर डोक्यावर घेतली आणि डोळे मिचकावले. "बोलू दे की. तोंडानं माणूस कायबी बोलतंय."

माझी पाटी मला परत मिळाली नाही. ती भिंतीतल्या देवळीत गेली, हळदीकुंकवाच्या शेजारी.

पुढे माझं लग्न होऊन मी गाव सोडलं. काही वर्षांनी पुन्हा श्रावणच अधिक आला, तेव्हा निजामाच्या राज्याचे शेवटचे दिवस होते. त्या वर्षी निज श्रावण लागला त्याच दिवशी मी पिंगळीला आले होते. जिजी जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आक्का ओसरीवर पाटी मांडीवर घेऊन बसली होती. पेन्सिलीचं अक्षर, किती टिकणार? पुसट झालं की ती गिरवायची. यंदा अक्षरं पार उडत चालली होती, तरी महिनाभर तिनं हात लावला नव्हता.

"अधिकात कसं गिरवावं?" ती मला म्हणाली. "आज निज लागला. बस तू."

तिनं केसांतली पेन्सिल काढली आणि 'माझी सून' करून 'गु'पाशी आली. डोळे बारीक केले होते, जीभ दातांत धरली होती, जिजीच्या रेघेबाहेर जराही जायचं नव्हतं. तेवढ्यात दारात कुणीतरी बैल मागायला आलं आणि भुजंगराव आहेत का म्हणून विचारलं.

"घरी न्हाईत, जिंतूरला गेलेत," आक्का ओरडली.

वरून माळ्यावरून घोरणं ऐकू येत होतं. तिची रेघ हलली नाही. 'गु' पूर्ण करून ती 'णा'कडे वळली.